पाकटाने समक्ष हजर राहावे

लेंगकुआस बेटाच्या उत्तरेला माझ्या गळाला एक पाकट लागला. जेवणाच्या टेबलाएवढा. आमच्या घरच्या टेबलाएवढा नव्हे, लग्नाच्या मांडवात असतं त्या गोल टेबलाएवढा, ज्याभोवती एक अख्खं कुटुंब आणि न बोलावलेले दोन मेहुणे आरामात बसतात.

हे झालंच नाही असं धरून चालू. तुम्हीही धरा, मीही धरतो. का, ते यथावकाश कळेल. तूर्तास एवढंच लक्षात ठेवायचं की लक्षात ठेवण्यासारखं काहीही घडलेलं नाही.

जे घडलं, त्याची सुरुवात ऑफिसात झाली. मी नगर परिषदेच्या उद्यान विभागात आहे. गावातल्या चौकांमधल्या झुडपांना आकार देण्याचं काम अबांग जेफ्रींकडे आहे आणि झुडपांना तोच आकार का दिला, याची नागरिकांना उत्तरं देण्याचं काम माझ्याकडे. अबांग जेफ्री माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे, म्हणून अबांग; एरवी त्यांच्यात मोठ्या भावासारखं काही नाही. ते कयाकमध्ये बसून मासे धरणाऱ्यांच्या एका गटाचे पुढारी आहेत.

"या वेळी एक जागा रिकामी आहे," ते म्हणाले. "मोठी बोट आपल्याला आणि आपल्या कयाकांना बेटापर्यंत नेते. सकाळी कयाक पाण्यात सोडायच्या, दिवसभर गळ टाकायचे, संध्याकाळी परत मोठ्या बोटीवर. खायचं, झोपायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मासा स्वतःहून येतो रे. आपण फक्त बसायचं."

फक्त बसायचं काम मला जमण्यासारखं होतं. मी विचारलं, "जागा कुणाची रिकामी झाली?"

"हारूनची. त्याची बायको म्हणाली, मासे तरी नाहीतर मी तरी. तो विचार करतोय."

त्या मोठ्या बोटीला आमच्याकडे आईबोट म्हणतात. लहान लहान कयाका तिच्या पोटाशी येऊन लागतात म्हणून. मला ते नाव फार धीराचं वाटलं. जिथे आई आहे तिथे माझं काय वाईट होणार, असा साधा विचार मी केला. माझी स्वतःची आई या प्रकरणात काय करणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

पहिली अडचण रजेची. आमच्या विभागप्रमुख पुआन हलिजा, म्हणजे हलिजाबाई, यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"कारण?"

"मासेमारी."

"मासेमारीची रजा नसते. हज, बाळंतपण, मयत आणि पूर. यातलं सांगा."

"पूर चालेल."

"पूर कुठे आलाय?"

"समुद्रात, पुआन. तिथे तो कायमच असतो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "येताना माकुल आण. लहान बघून आण, मोठे चिवट लागतात." रजा मंजूर झाली. माशांची पहिली मागणी नोंदली गेली ती अशी, सरकारी टेबलावर.

दुसरी अडचण सरावाची. अबांग जेफ्रींनी एक जुनी पिवळी कयाक उसनी दिली. ती गाडीच्या टपावर बांधून मी गावच्या तळ्यावर नेली. तळं आमच्याच विभागाचं. पाण्यात उतरून मी दोन वेळा वल्हं मारलं आणि तिसऱ्यांदा सरळ जायला लागलो तेवढ्यात काठावरून आमचाच सुरक्षारक्षक शिट्टी फुंकायला लागला. त्याने मला पाटी दाखवली. 'या तळ्यात कोणत्याही प्रकारची होडी, तराफा अथवा तत्सम तरंगती वस्तू नेण्यास सक्त मनाई आहे.' मजकूर माझाच. 'तत्सम तरंगती वस्तू' हे शब्द तर मी फार मेहनतीने सुचवले होते आणि त्या वेळी माझं कौतुकही झालं होतं. मी स्वतःला ताकीद दिली आणि घरी आलो.

घरी येईपर्यंत टपावरची कयाक अख्ख्या वस्तीने पाहिली होती. आमच्या वस्तीत कुणी टपावर काही बांधून आणलं की लोक चहा टाकून बाहेर येतात.

"शवपेटी आहे का रे?" समोरच्या माक चिक सओदांनी विचारलं. माक चिक म्हणजे नात्याने मावशी, स्वभावाने तपास अधिकारी.

"कयाक आहे. मासे धरायला चाललोय."

"यातून? मासा ओढायला लागला तर?"

"तर मी त्याच्यामागे जाईन."

हे मी विनोदाने बोललो होतो. नोंद असावी.

सल्ल्यांना सुरुवात झाली. कुणी म्हणालं, उन्हात चेहऱ्याला तांदळाची पेज लाव. कुणी म्हणालं, नारळपाणी पिऊ नकोस, कयाकमध्ये शौचालय नसतं. आमच्या प्रार्थनाघराच्या, म्हणजे सुराऊच्या समितीचे अध्यक्ष पाक इताम यांनी कयाकला तिन्ही बाजूंनी फेरी मारली, चौथ्या बाजूला भिंत होती, आणि "हिला छप्पर का नाही?" एवढा एकच प्रश्न विचारून ते गेले. तो प्रश्न मला अजून छळतो.

माक, म्हणजे माझी आई, हे सगळं दारातून ऐकत होती. मी थोरला म्हणून घरीदारी सगळे मला आलोंग म्हणतात.

"आलोंग, पोहता येतं ना तुला?"

"येतं, माक."

"किती?"

"जॅकेट घातल्यावर बऱ्यापैकी."

"मग केंदुरी करायला हवी," माक म्हणाली आणि तांदूळ मोजायला आत गेली.

आता, आमच्याकडे कुणी हजला निघालं, परदेशी शिकायला निघालं किंवा शस्त्रक्रियेला निघालं, की त्याच्या सुखरूप परत येण्यासाठी दुआ मागतात आणि वस्तीला जेवण घालतात. मासे धरायला निघालेल्या माणसासाठी अशी केंदुरी कुणी केल्याचं ऐकिवात नाही. मी माकला ते सांगायचा प्रयत्न केला. तोवर रेंदांगचं मांस शिजत पडलं होतं आणि शिजत पडलेल्या मांसाशी वाद घालता येत नाही.

अख्खी वस्ती आली. इमामांनी फार सुंदर दुआ मागितली. जाताना सुखरूप, येताना सुखरूप, वाऱ्यापासून, लाटेपासून, जिनांपासून आणि वाईट संगतीपासून सुखरूप. 'वाईट संगत' म्हणताना त्यांनी अबांग जेफ्रींकडे पाहिलं. अबांग जेफ्रींनी सगळ्यांत मोठ्यांदा आमीन म्हटलं.

चूक झाली ती त्यानंतर. जेवलेला माणूस उपकार ठेवत नाही, तो फेडायची संधी देतो. म्हणजे तुम्हालाच. प्रत्येक जण हात धुऊन माझ्याजवळ यायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि मागणी नोंदवायचा. एकाला सुरमई, एकाला तांबोशीचं डोकं, एका आजोबांना काटे नसलेला कुठलाही. शेवटी पाक इताम उभे राहिले.

"शुक्रवारी सुराऊची सफाई आहे. सगळी वस्ती हाताला हात लावणार. त्या दिवशीचं जेवण आलोंगच्या माशांवर!"

"इतके आणेल तो?" माक चिक सओदा म्हणाल्या. "माझ्या भाच्याने मागच्या खेपेला केवढे आणले होते, आठवतं ना?"

"आठवतं तर," माक म्हणाली. "पिशवीवर बाजारातल्या दुकानाचं नाव होतं."

मांडवात रेंदांग चावण्याचे आवाज तेवढे येत राहिले.

"आमचा आलोंग विकतचा मासा आणणार नाही," माक पुढे म्हणाली, "आणि दुसऱ्याने धरलेलाही नाही. स्वतः धरलेला पाकट आणेल. शुक्रवारी मी पाकटाचं आसाम पेडास करीन. सगळ्यांना."

माकचं आसाम पेडास म्हणजे आंबट-तिखट रस्सा, आणि माकचा शब्द म्हणजे शब्द. ती आजवर कुणाला मीठ उसनं देते म्हणाली आणि साखर दिली, असं कधी झालेलं नाही. मी पाकट फक्त ताटातच पाहिला होता, तोही तुकड्यांत. तो अख्खा असताना कसा दिसतो याचा मी त्या क्षणापर्यंत विचारच केला नव्हता.

आईबोटीचे तांडेल पाक सू देरामान हे वयस्कर, कमी बोलणारे गृहस्थ. धक्का सुटल्यावर त्यांनी सगळ्यांना गोळा करून एकच नियम सांगितला.

"समुद्रावर कुणी अमुक मासा हवा असं बोलायचं नाही. ते ऐकतात."

"पण माझ्याकडे मागण्या आहेत," मी म्हणालो. "पुआन हलिजांना माकुल, आजोबांना काटे नसलेला..."

"गप रे!" अबांग जेफ्रींनी माझ्या तोंडावर हात ठेवला. पाक सूंनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पाण्याकडे. माझ्या वतीने ते दिलगिरी व्यक्त करत असावेत.

आईबोटीवर मात्र खरोखर आईच्या घरासारखं होतं. खायला भरपूर आणि प्रत्येक गोष्टीत सल्ला. सकाळी तळलेली केळी, दुपारी भात नि बांगडा, संध्याकाळी पुन्हा भात. मला मनापासून वाटत होतं की कयाक वगैरे भानगडी न करता इथेच राहावं. पण ठरल्याप्रमाणे सकाळी आमच्या कयाका एकेक करून पाण्यात सोडल्या गेल्या आणि एकेक करून आम्ही त्यांत. बदकाची पिल्लं कशी रांगेने निघतात तसे आम्ही निघालो; फरक इतकाच की पिल्लांमधलं एखादं उलटं बसलेलं नसतं.

पहिल्या दिवशी सगळ्यांना मासे लागले. मला अबांग जेफ्रींची टोपी लागली. ती परत केली. पुन्हा गळ फेकला, पुन्हा टोपी. त्यानंतर त्यांनी टोपी काढून ठेवली आणि ते माझ्यापासून इतके दूर गेले की संध्याकाळपर्यंत मला फक्त त्यांचा आवाज येत होता, तोही शिव्यांपुरता.

रिकाम्या हाती परतणाऱ्याला आमच्याकडचे मासेमार कुम्पाऊ म्हणतात. कुम्पाऊ माणसाला गट वाऱ्यावर सोडत नाही. त्याला मासे देतात. पण सगळ्यांसमोर, टाळ्या वाजवत, फोटो काढून, आणि तो फोटो लगेच गटाच्या चॅटवर टाकतात. त्या चॅटवर माक चिक सओदांचा भाचा आहे.

"घे रे, एक तांबोशी घे," अबांग जेफ्री म्हणाले. "हास थोडं."

"नको," मी म्हणालो. "मला उद्या लागेल."

"काय लागेल?"

पाक सू माझ्याकडेच बघत होते. मी म्हणालो, "भूक."

दुसऱ्या दिवशी समुद्र ताटलीत ओतल्यासारखा सपाट होता. मी सगळ्यांपासून लांब, बेटाच्या बाजूला गेलो, गळ सोडला आणि माकचा विचार करत बसलो. शुक्रवारी ती मोठं पातेलं काढून बसेल, माक चिक सओदा दारात उभ्या राहतील, आणि मी बर्फाची पेटी उघडेन. हा विचार जेमतेम पेटीपर्यंत आला तोच काठी वाकली.

लोक सांगतात, मोठा मासा लागला की झटापट होते, रीळ किंचाळतं. तसं काही झालं नाही. माझी कयाक फक्त चालायला लागली. सावकाश. सकाळी सायकलवरून वर्तमानपत्र आणायला निघालेला निवृत्त माणूस ज्या वेगाने जातो, त्या वेगाने. मी वल्हं मांडीवर ठेवलं, कारण त्याचा काही उपयोग नव्हता, आणि सरळ बसलो, कारण कुणी पाहिलं तर बरं दिसावं.

वाटेत गटातले एकदोन जण भेटले. मी मान लवून नमस्कार केला.

"कुठे निघालास?" एकाने विचारलं.

"बघू," मी म्हणालो.

अबांग जेफ्री दिसले तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "अबांग, मला ओढतंय!"

त्यांनी दोरीचा कोन पाहिला. "पाकट आहे! सोडू नकोस!"

"मी धरलेलंच नाहीये! काठी कयाकला बांधलीय!"

"मग उत्तम!" असं म्हणून ते माझ्यामागे येऊ लागले. पण त्यांना वल्हवावं लागत होतं आणि मला नाही, त्यामुळे ते मागे पडले. आयुष्यात त्यांना मागे टाकण्याचा हा माझा पहिला प्रसंग. तोही मी काहीच न करता साधला.

थोड्या वेळाने पाण्यावर तरंगणारे पिवळे गोळे दिसले. गोळ्यांच्या पलीकडे राखीव समुद्र. तिथे मासेमारीला बंदी. मला ते माहीत होतं. पाकटाला माहीत नसावं, किंवा फारच नीट माहीत असावं. तो सरळ आत गेला आणि बराच आत जाऊन तळाला चिकटून बसला. कयाक थांबली. मग एक पांढरी बोट आली.

त्या बोटीवर राखीव समुद्राचे अधिकारी होते, एन्चिक नसरुद्दीन. एन्चिक म्हणजे साहेब; समोरच्यालाही तेच म्हणायचं. इस्त्रीचा गणवेश, मांडीवर नासी लमाकचा, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताचा, उघडा पुडा. माझ्यामुळे त्यांचं जेवण अर्धवट राहिलं होतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"एन्चिक, तुम्ही राखीव क्षेत्रात मासे धरताय."

"मी नाही धरत. माशाने मला धरलंय. मी बाहेर होतो, यानेच आत आणलं."

त्यांनी दोरीकडे निरखून पाहिलं. "मासा कुठला?"

"पाकट असावा."

"तसं नाही. राहणारा कुठला? आतला की बाहेरचा?"

"विचारलं नाही."

"आतला असेल तर तुम्ही आमचा प्राणी पळवताय. बाहेरचा असेल तर त्याने घुसखोरी केलीय, आणि तुम्ही त्याचे साथीदार."

मी म्हणालो, "मग दोरी कापतो."

"कापू नका! गळ तोंडात ठेवून सोडलात तर संरक्षित प्राण्याला इजा. वर आमच्या हद्दीत लोखंडी कचरा."

"मग ओढून काढतो."

"ओढलात तर मासेमारी."

"मग नुसताच बसतो."

"परवानगीशिवाय नांगरून राहणं," एन्चिक नसरुद्दीन म्हणाले. "तेही सजीवाला." हे शेवटचं त्यांनाही नवीन असावं, कारण त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठ पुतणीच्या लग्नात होते. मागून ढोलकी ऐकू येत होती. "मासा मोठा आहे का?" वरिष्ठांनी विचारलं. "मोठा आहे." "मग काही करू नका, मी नवऱ्या मुलाला भेटून येतो," असं म्हणून वरिष्ठ गेले ते गेलेच.

आम्ही थांबलो. एन्चिक नसरुद्दीननी अर्धा नासी लमाक मला दिला. सोबत अंड्याची मोठी फोड. मी त्यांना केंदुरीची, पाक इतामांची, पिशवीवरच्या दुकानाच्या नावाची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "तुमची आई आसाम पेडासमध्ये भेंडी घालते?"

"घालते."

"हं," ते म्हणाले आणि समुद्राकडे बघत राहिले. माणूस चांगला होता. फक्त त्याला नियम पाठ होते.

मग दोरी हलली. पाकट निघाला होता. आणि निघाला होता तो बाहेरच्या दिशेने! सावकाश, आलो तसाच, पिवळ्या गोळ्यांकडे. पांढरी बोट माझ्या शेजारून चालू लागली. एन्चिक नसरुद्दीन काठावर ओणवे होऊन समालोचन करत होते.

"अजून आत... अजून आत... आता हद्दीवर. डोकं बाहेर, शेपूट आत."

"मग काय धरायचं?"

"डोकं. शिरगणतीतही डोकंच धरतात. बाहेर! एन्चिक, बाहेर गेला! आता तो तुमचा! ओढा!"

मी रीळ फिरवलं. खाली काळं काही तरी हललं, रुंद झालं, आणखी रुंद झालं, आणि पाकट माझ्या कयाकशेजारी वर आला. आवाज नाही, धडपड नाही. पाण्याखाली कुणी सतरंजी झटकावी तसे त्याचे पंख एकदा वर आले, एकदा खाली गेले. पाठीवर फिकट ठिपके होते. त्याचे डोळे वरच्या बाजूला असतात, हे मला ताटात कधी कळलं नव्हतं. त्या डोळ्यांनी तो माझ्याकडे बघत होता. थेट पाक इतामांसारखा. 'हिला छप्पर का नाही?' असं विचारल्यासारखा.

एन्चिक नसरुद्दीननी टोपी काढली. मागून वल्हवत आलेले अबांग जेफ्रीसुद्धा गप्प झाले. ही गोष्ट तोवर कुणी पाहिली नव्हती.

"ओढ!" मग ते कुजबुजले. "आलोंग, ओढ ना!"

शुक्रवारचं आसाम पेडास माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. माझ्या आईचा शब्द तिथे तरंगत होता, ठिपक्यांसकट. मला एवढंच करायचं होतं की अबांग जेफ्रींच्या लांब दांड्याच्या लोखंडी आकड्याने त्याला टोचायचं आणि आईबोटीला हाक मारायची.

मी ओढलं नाही. हात दुखत होता, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. दुखत होताही, थोडासा.

पाकटाने थोडा वेळ वाट पाहिली. माझ्याकडून काही होत नाही असं पाहून त्याने शांतपणे वळण घेतलं आणि आम्हा सगळ्यांना घेऊन तो परत हद्दीच्या आत गेला.

"अरेरे," एन्चिक नसरुद्दीन म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मग त्यांनी टोपी घातली आणि ते पुन्हा अधिकारी झाले. "आता ऐका. तुम्ही बाहेर रीळ फिरवलंत, मासा गळासकट आत आलाय. म्हणजे ही चालू मासेमारी. मला कयाक जप्त करावी लागेल, काठी, आईबोट, या सगळ्यांचे मासे, आणि त्या गृहस्थांचा आकडा."

"माझा आकडा?" अबांग जेफ्री म्हणाले.

"किंवा," एन्चिक नसरुद्दीननी इकडेतिकडे पाहिलं, "हे झालंच नाही."

"झालंच नाही," मी म्हणालो.

"काय झालं नाही?"

"काहीच."

"शाब्बास."

त्यांनी लांब दांड्याची पकड घेतली, बोटीवरून वाकून पाकटाच्या ओठातला गळ तोडला आणि तुकडे खिशात टाकले. न झालेल्या घटनेचा कचरा मागे राहायला नको म्हणून. पाकट खाली गेला. कयाक हलकी झाली. मला एकदम फार एकटं वाटलं.

पाक सूंनी आईबोटीवर सगळ्यांकडून वचन घेतलं की कुणी काही बोलायचं नाही. सगळ्यांनी दिलं. बोटीचा आणि माशांचा प्रश्न होता. तर मी, आईचा शब्द आणि बर्फाची पेटी असे तिघे रिकामे घरी निघालो.

शुक्रवारी सुराऊची सफाई संपलेली, सगळी वस्ती हातात झाडू घेऊन आमच्या दारात. मला काही बोलायला अवसर मिळायच्या आत पाक इताम आणि एक शेजारी गाडीतून माझी पेटी उतरवायला लागले.

"अरे बाप रे! केवढं वजन!" पाक इताम ओरडले. "आणखी एक जण या!"

आणखी दोघे आले. चौघांनी ती पेटी पालखीसारखी अंगणात आणली. वस्तीत एकदम आनंद पसरला. आजोबा काटे नसलेल्या माशासाठी स्वतःचं ताट घेऊन पुढे आले. पाक इतामांनी बिस्मिल्ला म्हणून झाकण उघडलं.

आत बर्फाचं पाणी होतं. काठोकाठ. त्यावर मी सरबतासाठी नेलेलं एक लिंबू तरंगत होतं.

लिंबू सावकाश एका कडेकडून दुसऱ्या कडेला गेलं. तत्सम तरंगती वस्तू.

"पाणी तरी समुद्रातलं आहे ना?" माक चिक सओदांनी विचारलं.

माक फडक्याला हात पुसत बाहेर आली. तिने पेटीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाक इतामांकडे वळली.

"त्या दिवशी दुआ काय मागितली होती?"

"अं? सुखरूप परत येण्याची."

"आला ना?"

"आला."

"हात, पाय, सगळं आहे?"

पाक इतामांनी माझे हातपाय पाहिले. "आहे."

"मग दुआ कबूल झाली. माशाचं कुणी बोललं होतं का दुआत?" माकने सगळ्यांवरून नजर फिरवली. "मागायच्या वेळी मागायचं नाही आणि मग पेट्या उघडून बघायच्या. चला जेवायला. कोंबडीचं आसाम पेडास आहे."

सगळे निमूट आत गेले. मोठं पातेलं तयार होतं, रस्सा मुरलेला होता. एवढ्या कोंबड्या ऐन वेळी शिजत नाहीत. ती आदल्या दिवसापासून तयारीत असणार. मला जरा वाईट वाटलं आणि बरंच बरं वाटलं.

जेवण झाल्यावर मी तिला पातेलं घासू लागत होतो.

"केवढा होता?" माकने मान वर न करता विचारलं.

"कोण?"

"जो झाला नाही तो. जेफ्रीने बायकोला सांगितलं, तिने मला."

मी ओले हात पसरले. पुरेनात म्हणून दोन पावलं मागे सरकून भिंतीला टेकलो आणि पुन्हा पसरले. माकने नीट पाहिलं. मग पातेल्याकडे पाहिलं.

"मावला नसता," ती म्हणाली आणि पाणी ओतलं.

एवढ्यावर संपलं असतं. पण जेफ्रींच्या बायकोने आणखीही काही जणींना सांगितलं होतं. त्यामुळे आता मी दिसलो की अख्खी वस्ती हात पसरून विचारते, "आलोंग, एवढा का?" आणि रोज ते हात थोडे जवळ येतात. परवा पाक इतामांनी दोन बोटांत दाखवला. माक काही बोलत नाही, पण तिलाही ते दिसतं. सबब मी रीतसर अर्ज केला आहे, तो असा:

माननीय संचालक, राखीव समुद्र विभाग, यांच्या सेवेशी. विषय: लेंगकुआस बेटाच्या उत्तरेस न घडलेल्या घटनेतील पाकटाच्या उपस्थितीबाबत. महोदय, उपरोक्त घटना घडलेली नसल्याचे अर्जदारास मान्य आहे व त्याबाबत कोणतीही तक्रार नाही. तथापि सदर घटना नेमकी किती मोठी घडली नाही, याविषयी वस्तीत तीव्र मतभेद आहेत. तरी सदर पाकटास येत्या शुक्रवारी नमाजानंतर आमच्या सुराऊच्या आवारात समक्ष हजर राहण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती. मोजमाप सर्वांसमक्ष, दोन्ही पंख पूर्ण उघडून घेण्यात येईल. माक चिक सओदा यांना पहिल्या रांगेत बसवण्यात येईल. पाकटाच्या सुखरूप परतीसाठी अर्जदाराची आई केंदुरी करण्यास तयार असून जेवण कोंबडीचेच राहील, याची पाकटास लेखी हमी देण्यात येईल. कळावे.